सकाळच्या गाडीतले आंतरराष्ट्रीय संबंध

जगात कुठंही दोन देशांचं वाजलं की आमच्या सरांची कळी खुलायची. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला ते दुष्ट वाटतात, पण माणूस इतका मऊ, की गाडीत कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर तेच माफी मागायचे. भांडण का होतं आणि का मिटतं, हे शोधल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे, एवढंच. खरं तर अशा माणसाशी माझी ओळख व्हायचं काही कारण नव्हतं. माझे आई-अण्णा ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की आमच्या घराला कुलूप लागायचं, आणि माझी निम्मी शाळा गावात, निम्मी उसाच्या फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधण्यात जायची. थंडीत पहाटे मोळ्या वाहून आईची मान जी वाकली ती अजून सरळ झालेली नाही. पुढं आत्यानं मला वडवणीला ठेवून घेतलं म्हणून मी बी.ए. झाले. खानदानात पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. मग एम.ए.साठी बीडला रोजची ये-जा सुरू झाली आणि सकाळच्या एसटीत सर भेटले. राहायला वडवणीत, शिकवायला बीडच्या आमच्याच कॉलेजात, विषय आंतरराष्ट्रीय संबंध.

सरांची तऱ्हा अशी, की वर्गात जो सिद्धांत चालू असेल तो ते अंगाला लावून घ्यायचे. वास्तववाद म्हणतो, देशांच्या डोक्यावर कुणी राखणदार नसतो, म्हणून ज्यानं त्यानं आपलं बघावं आणि दुसऱ्यावर भरवसा ठेवू नये. तो धडा लागला की सर डबा मांडीत आवळून, खिडकीकडं तोंड करून खायचे, आणि कुणी ‘कसं काय सर?’ म्हटलं तरी त्यात कावा शोधायचे. महिन्यानं उदारमतवाद लागला की हाच माणूस शेंगदाण्याची चटणी अख्ख्या गाडीला वाटायचा. देवाणघेवाण वाढली की लढाई कुणालाच परवडत नाही, म्हणून माझी भाकरी त्यांच्या चटणीवर अवलंबून पाहिजे, असं ते मला समजावून सांगायचे. मार्क्सवादाच्या पंधरवड्यात त्यांचा मोर्चा कंडक्टरकडं वळायचा. गाडी एवढी भरते तर दुसरी का सोडत नाहीत, गरिबानं गरिबाशी भांडायचं आणि वरच्यानं मजा बघायची, हे असंच चालायचं का? कंडक्टर म्हणायचा, “सर, मलाबी तसंच वाटतंय. आधी तिकीट घ्या.” आणि रचनावाद लागला की विचारूच नका. शत्रू, मित्र, सीमा, हे सगळं माणसांनी मानल्यामुळं खरं होतं, असा तो सिद्धांत. आमच्याकडं गाडी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकायचा, ज्याचा रुमाल त्याची जागा. सर त्या रुमालाकडं बघत कौतुकानं म्हणायचे, हे नुसतं फडकं, पण तुम्ही मानलंत म्हणून ह्याचं राष्ट्र झालं. घरी काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, वेगळीच तक्रार. वास्तववादाच्या दिवसांत पाहुणे आले तर ह्यांनी त्यांना दारातच थांबवून येण्याचा हेतू विचारला, असं त्या सांगायच्या. माझ्या आत्यानं पुस्तक कधी उघडलं नाही, पण संध्याकाळी ती विचारायची, “आज चटणी दिली का गं?” दिली म्हटलं की धडा बदलला, हे तिला कळायचं.

ह्या सगळ्याची परीक्षा मधल्या फाट्यानं घेतली. गाडी वडवणीतच भरायची, त्यामुळं अर्ध्या वाटेवर चढणाऱ्या फाट्यावरच्या पोरांना रोज बीडपर्यंत उभं राहावं लागायचं. त्याचा राग ती संध्याकाळी काढायची. बीडच्या स्टँडवर आधी पोचून सगळ्या जागांवर रुमाल टाकायची आणि मग आम्ही उभे. आमच्या पोरांनी दारात दोन दांडगे उभे केले, तर त्यांनी चार आणले. सरांचा तेव्हा वास्तववाद चालू होता. ते खूश होऊन म्हणाले, आता सत्तेचा तोल सांभाळला जाईल. तोल आठवडाभर टिकला, मग गाडीची काच फुटली. त्या दिवशी सर मला म्हणाले, “कुणालाच मारायचं नव्हतं गं. दोघंबी भ्यालेले. एकानं जपायला काठी घेतली की दुसऱ्याला ती मारायला घेतल्यासारखी दिसते.”

आगारातून निरोप आला, पुन्हा तंटा झाला तर सकाळची गाडी बंद. कॉलेजच्या वेळेला दुसरी गाडी नव्हती. आत्यानं हे फोनवर फडावरच्या अण्णांना सांगितलं. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते सावकाश म्हणाले, “बंद झाली तर इकडं निघून ये. मुकादमाला बोलून ठेवतो. अर्धा कोयता म्हणून लागशील.” टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा. एम.ए.चं एक वर्ष झालेली मी, आणि माझा हिशेब अर्धा कोयता.

मी हे सरांना सांगितलं. तोवर उदारमतवाद लागला होता, म्हणून त्यांनी उपाय काढला तो व्हॉट्सअॅप ग्रुपचा. दोन्हीकडच्या पोरांना घेतलं, नियम लिहिले, नाव ठेवलं ‘प्रवासी शांतता मंच’. पहिल्या दिवशी सगळ्यांनी फुलांची चित्रं टाकून शुभ सकाळ केली. दुसऱ्या दिवशी अॅडमिन कोण ह्यावरून जुंपली. मग फाट्यावरचा म्होरक्या, रुंद खांद्यांचा दाढीवाला पोरगा, ग्रुप सोडून गेला आणि त्याच्यामागं त्याची सगळी फौज. सर खिन्न होऊन म्हणाले, जागतिक संघटनांचं हेच दुखणं, सदस्य सगळे आणि ऐकणारं कुणी नाही. माझी जीभ कधी आवरत नाही. मी म्हणाले, “सर, सिद्धांत लई झाले. गाडी जायलीय आमची.”

परीक्षा जवळ आली म्हणून वर्गात उजळणी सुरू झाली आणि पुन्हा वास्तववाद आला. म्हणजे नियमानं सरांनी डबा आवळून बसायला हवं होतं. पण त्या सकाळी फाटा आला तसे सर आपल्या जागेवरून उठले आणि म्होरक्याला म्हणाले, “बस बाबा.” आमची पोरं कुजबुजली की सर फितूर झाले. तिकडून आवाज आला, “बसू नको बे, डाव हाय ह्याच्यात.” तो बसला नाही. दुसरं कुणीच बसलं नाही. माणसावर माणूस दाटलेल्या त्या गाडीत एक जागा बीडपर्यंत रिकामी आली. मी सरांना म्हटलं, आजचा धडा तर हा नव्हता. ते वरचा दांडा घट्ट धरून म्हणाले, “धडा राहू दे बाजूला. गाडीच बंद झाली तर शिकवू कुणाला?”

दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत मीही उठले. आता दोन जागा रिकाम्या. कंडक्टर म्हणाला, आपल्या नोकरीत असं पाहिलं न्हाई, उभं राहायला जागा न्हाई आन बसायला माणूस न्हाई. तिसऱ्या दिवशी म्होरक्याचा धीर सुटला. तापलेल्या तव्यावर टेकावं तसा तो बाकड्याच्या कडेला टेकला आणि म्हणाला, “सर, खरं सांगा. कावून उठताव?”

“संध्याकाळी तू उठावंस म्हणून,” सर म्हणाले.

संध्याकाळी स्टँडवर आम्ही चढलो तर त्यानं आपला रुमाल उचलून खिशात घातला. “बसा सर. उद्याचं उद्या बघू.” उद्याही तसंच झालं. मग आमच्यातले आणखी दोघं उठले, त्यांच्यातले दोघं उठले, आणि कुणी न लिहिता नियम ठरला: सकाळी फाट्यापासून जागा त्यांची, संध्याकाळी बीडपासून आमची. सर तर हवेतच होते. वास्तववादी म्हणेल गाडी बंद व्हायच्या भीतीनं झालं, उदारमतवादी म्हणेल रोजच्या देण्याघेण्यानं, रचनावादी म्हणेल पोरं एकमेकांना शत्रू मानेनाशी झाली. मी विचारलं, मग खरं कुठलं? ते म्हणाले, “तिन्ही लिही. एकच लिहिलंस तर मार्क कापतात.”

आता सर निवृत्त आहेत. गुडघे फार चालू देत नाहीत, म्हणून लेकाकडं पुण्याला असतात. तिथं भांडायलाही शेजारी दार उघडत नाहीत, असं फोनवर सांगतात, आणि आवाज जरा खाली येतो. जगातल्या बातम्या बोलून झाल्या की विचारतात, आपल्याकडं काय चाललंय, आणि मी कितीही सांगितलं तरी त्यांना कमीच पडतं.

गाडी त्या वर्षी बंद झाली नाही. फडातून आई-अण्णा परतले, पुढं निकाल लागला, आणि मी आमच्या घरातली पहिली एम.ए. झाले.