तलावावरची कागदी पट्टी

ते प्रकरण अजून मनातून जात नाही, कारण कागदोपत्री त्यात माझं काहीच चुकलं नव्हतं.

सत्तरच्या दशकात, वाशीम अकोला जिल्ह्यात होतं तेव्हा, मी रिसोड भागात फौजदार होतो. गावापासून कोसभर दूर एका तलावावर पाटबंधारे खात्यानं पाणी मोजायचं नवं यंत्र बसवलं होतं. पाण्यात तरंगता डबा, तिथून खोलीपर्यंत तार. बटण तीनदा दाबलं की यंत्र टकटक करी आणि कागदी पट्टीवर वेळ व पाण्याची उंची छापून देई. बॅटरी लवकर मिळत नसे, म्हणून यंत्राला दिवसातून दोनदाच विचारायचं, असा सक्त नियम होता.

तलावावरच्या खात्याच्या गोदामातून भरदुपारी पंप चोरीला गेला. कुलूप शाबूत. खबऱ्या म्हणाला, "साहेब, चाबी त्या मशीनवाल्याजवळच राह्यते. दुसरा कोन नेईन?"

मशीनवाला म्हणजे तिथं एकटाच राहणारा, चाळिशीचा रोजंदारी कर्मचारी. त्याला ठाण्यात आणला.

"दुपारभर कुठं होतास?"

"खोलीतच."

"काय करत होतास?"

दोन दिवस हजार प्रश्न विचारले, तरी गप्प. खोटं बोलणारा परवडतो, गप्प बसणाऱ्यानं माझं डोकं फिरतं.

शेवटी खोलीची झडती घेतली. पेटीत, कपड्यांखाली लपवलेल्या पट्ट्या सापडल्या. त्या दुपारची उलगडली. बारा ते चार, दर पाच मिनिटांनी प्रश्न, आणि उंची प्रत्येक वेळी तीच. गोदाम तर तलावाच्या पलीकडच्या टोकाला; पाच मिनिटांत तिथं जाऊन परत येणं शक्यच नव्हतं.

"काहून विचारत होता रे इतक्या खेपा?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"आठ-आठ दिवस कोनी येत नाही साहेब. याले विचारलं का जवाब देते."

"पण पाणी तं तेवढंच!"

"असू द्या न. देते तं." मग त्यानं हात जोडले. "हे लिहू नोका साहेब. नोकरी जाईन."

लिहिल्याशिवाय त्याला सोडता येत नव्हतं. पट्ट्या पंचनाम्याला जोडल्या. पुढे गोदामाच्या आधीच्या चौकीदाराकडे दुसरी चावी आणि पंप दोन्ही निघाले. याला मात्र बॅटरी संपवली म्हणून खात्यानं काढून टाकलं.

गाव सोडताना तो ठाण्यात आला. शिव्या देईल असं वाटलं. म्हणाला, "दोन दिवस तुमी मले जेवढं विचारलं साहेब, तेवढं आजवर कोनी विचारलं नाही."

मी त्याला साधा चहाही पाजला नाही, याची आज लाज वाटते. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच असतो. दुपारी कोणी चुकून पत्ता विचारायला आलं, तर त्याला बसवून घेतो.