हेझलमावशींची खुर्ची

"मिस्टर अहो आहेत का?" फोनवरचा आवाज पुरुषाचा होता. सबंध अमेरिकेत मला 'मिस्टर अहो' म्हणणारी व्यक्ती एकच, आणि ती बाई होती. मी ऑफिसात नुकताच डबा उघडला होता. फोन करणारा आमच्या शेजारच्या हेझलमावशींच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. मावशी सकाळी चहा घेता घेता गेली, त्रास काही झाला नाही, असं त्यानं सांगितलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "शेजारच्या मिस्टर अहोंना आधी कळव, असं तिनं सांगून ठेवलं होतं. आडनाव मी बरोबर म्हणतोय ना?" अगदी बरोबर, म्हटलं. डबा तसाच मिटला... त्याला आता काही आठवडे झाले.

हेझल प्रॉक्टर हे नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. जुने, काळ्या-पांढऱ्या जमान्यातले हॉलिवूडचे सिनेमे पाहिले असतील, तर चेहरा मात्र पाहिला असेल. नायिका दिवाणखान्यात मुसमुसत असते, घंटा वाजते, पांढरा एप्रन बांधलेली बाई दार उघडते आणि "मॅडम, डॉक्टर आलेत" एवढं सांगून निघून जाते... ती हेझल. कधी नर्स, कधी घरमालकीण, कधी तार घेऊन येणारी शेजारीण. मिशिगनमधल्या एका खेड्यातून ही मुलगी नायिका व्हायला गेली होती. स्टुडिओतल्या साहेबानं तोंडाकडे निरखून पाहिलं आणि सांगितलं, "तू वाईट बातमी आणलीस तर लोकांचा लगेच विश्वास बसेल." झालं! त्यानंतर निवृत्त होऊन मिशिगनला परत येईपर्यंत त्या वाईट बातम्याच आणत राहिल्या. हे सांगताना स्वतःच इतक्या हसायच्या की समोरच्याला वाईट वाटायला सवडच मिळायची नाही. मी मोटार कंपनीत गाड्यांच्या दारांचं डिझाइन करतो हे कळलं, तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "म्हणजे आपण एकाच धंद्यातले!"

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आम्ही घर घेतलं आणि त्या शेजारीण म्हणून मिळाल्या. पहिल्या आठवड्यात ॲपल पाय घेऊन दारात उभ्या राहिल्या. दार उघडलं माझ्या बायकोनं, नलिनीनं. तिनं आत हाक मारली, "अहो, बघा ना कोण आलंय!" नागपूरहून आमच्याकडे राहायला आलेली माझी आई लगबगीनं पुढे झाली. आईला इंग्रजी येत नाही आणि त्यावाचून तिचं कधी अडलंही नाही. "या, बसा. बसा हो, बसा!" बाईंनी त्यावरून जे काढायचं ते अनुमान काढलं. या गृहस्थांचं नाव 'अहो', आणि यांच्या भाषेत नमस्काराला म्हणतात 'बसा'. तो सबंध हिवाळा मी ड्राइव्ह-वेवर कंबरेत वाकून बर्फ उपसत असताना पलीकडून हात उंचावून त्या खणखणीत आवाजात म्हणायच्या, "बसा, मिस्टर अहो!" मला ते इतकं आवडायला लागलं होतं की चूक सुधारायचा विचारही मनात आला नाही.

बिंग फुटलं ते महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत. नलिनीनं त्यांना बरोबर नेलं होतं. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी हात जोडले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाल्या, "बसा!" सावर क्रीमचं श्रीखंड आणि कॉर्नफ्लेक्सचा चिवडा घेऊन उभी असलेली काका-काकू मंडळी मुकाट्यानं खाली बसली. नलिनीला हसू आवरेना. परत येताना गाडीत तिनं दोन्ही शब्दांचा उलगडा केला. 'अहो'वर मावशी खदखदून हसल्या. "म्हणजे स्वतःच्या घरात यांचंसुद्धा श्रेयनामावलीत नाव नाही!" 'बसा'चा अर्थ कळला तेव्हा मात्र त्यांचं हसू मावळलं. आमचं काही चुकलं की काय, असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "आलेल्या माणसाला तुम्ही आधी खुर्ची देता?... मला कुठल्याच सिनेमात कुणी बस म्हटलं नाही."

आणि ते अक्षरशः खरं होतं. दार उघडणारी बाई बसेल कधी? एकदाच काय ते बसायचं होतं. एका सिनेमात स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून नायिकेला आपल्या गेलेल्या मुलाबद्दल सांगायचं, असा त्यांचा सीन होता. चित्रीकरण झालं, दिव्यांखालचे कामगारसुद्धा डोळे पुसत होते म्हणे. त्यांनी घरी कळवलं. त्यांची आई आणि थोरली बहीण सगळी गल्ली जमवून थेटरात गेल्या. पडद्यावर हेझल आली, हातात दिवा घेऊन उभी राहिली, गेली. सीन कापला होता. "आईनं घरी येऊन शेजाऱ्यांना सांगितलं, दिवा किती छान धरला होता माझ्या मुलीनं," मावशी म्हणाल्या.

पुढच्या गणपतीसाठी मी एक फार्स लिहीत होतो. मराठी मुलगी अमेरिकन मुलाशी लग्न ठरवते आणि अमेरिकन विहीणबाईंचा मानपान करता करता मुलीकडच्यांची भंबेरी उडते, अशी गोष्ट. विहीणबाई कोण, हे सांगायला नकोच. मी मुलीचा बाप, नलिनी आई. मावशींनी येऊन खुर्चीत बसायचं, आम्ही सगळ्यांनी भोवती ताटकळायचं, आणि चहाचा घोट घेऊन त्यांनी एकच वाक्य म्हणायचं. "चहात साखर कमी आहे." आयुष्यभर दुसऱ्यांना चहा ओतलेल्या बाईंना मी हे वाक्य समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी मला मिठीच मारली. उन्हाळाभर त्या परसात झाडांना पाणी घालत ते घोकायच्या. 'साखर'चा 'ख' काही केल्या जमेना. नलिनीला त्यांनी आपली विद्या दिली. माइकमध्ये कपाचा आवाज येऊ नये म्हणून बशीत ओल्या टीपकागदाचा तुकडा ठेवायचा! थोरल्या बहिणीनं यायचं कबूल केलं होतं. मावशींच्या आनंदाला पारावार नव्हता.

आणि तालमीच्या शेवटच्या आठवड्यात मंडळाचा सेक्रेटरी सुधीर म्हणाला, "काका, प्रोग्रॅम फार लांबतोय यार. आरती, डिनर, किड्सचे डान्स... तो विहीणबाईंचा सीन कट करू या ना. तसंही त्यांना मराठी कुठे येतं?" मावशी कोपऱ्यातच होत्या. मराठीतलं एवढं 'कट' त्यांना बरोबर समजलं. जवळ येऊन हसत म्हणाल्या, "मिस्टर अहो, मला याची सवय आहे. फक्त आत्ताच सांगा, म्हणजे बहिणीला येऊ नको म्हणून कळवते." माझं डोकंच फिरलं. मी सुधीरच्या देखत स्वतःचं लांबलचक स्वगत फाडून टाकलं आणि म्हटलं, घे तुझा वेळ. माझ्या लेखनात याहून चांगली सुधारणा आजवर झालेली नाही, असं नलिनीचं मत आहे.

प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या घडीच्या लोखंडी खुर्च्या होत्या. विहीणबाईंना त्या कशा शोभणार, म्हणून आमच्या जेवणाच्या टेबलाची हातांची खुर्ची मी गाडीत कोंबून नेली. मावशी नलिनीची जांभळी पैठणी नेसून प्रवेशल्या, बघतात तर रंगमंचावर खुर्ची नाही! माझ्या आईचे गुडघे दुखतात म्हणून कुणा कार्यकर्त्यानं भाबडेपणानं ती उचलून पहिल्या रांगेत तिला नेऊन दिली होती. मावशी क्षणभर थबकल्या आणि... पोटाशी दोन्ही हात जुळवून, पाय जोडून, अदबीनं उभ्या राहिल्या. थेट सिनेमातल्यासारख्या. मला ते बघवेना.

तेवढ्यात आई ताडकन उठली. "अगं बाई, ही तर विहीणबाईंची खुर्ची!" तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कार्यकर्त्यांनी खुर्ची उचलून वर दिली. आई खालूनच हात पुढे करून म्हणाली, "बसा हो, विहीणबाई. बसा." लोकांना वाटलं नाटकातलंच आहे, हशा पिकला. मावशी बसल्या. सावकाश टेकल्या, पदर सारखा केला, आधी एक हात खुर्चीच्या हातावर ठेवला, मग दुसरा. घाई म्हणून नाही. सबंध हॉलला त्यांनी थांबवून ठेवलं. नलिनीनं चहा दिला. त्यांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की मी खरोखरच मुलीचा बाप झालो. "चहात साखर कमी आहे." 'ख' असा लागला म्हणता! टाळ्या थांबेनात. थोरल्या बहिणीला शब्द कळला नव्हता, पण ती उभी राहून रडत होती आणि टाळ्या वाजवत होती. आईचे गुडघे पुढे आठवडाभर ठणकले. "नाटकात माझंही काम झालं," असं ती नागपूरच्या फोनवर सांगत होती.

तेव्हापासून रविवारी दुपारी त्यांचा चहा आमच्याकडे. दारातच स्वतः "बसा!" म्हणायचं, त्याच खुर्चीत बसायचं, घोट घेऊन ते वाक्य म्हणायचं. डॉक्टरांनी साखर बंद केली, तरी वाक्य बंद झालं नाही. मग नलिनी रिकामाच चमचा त्यांच्या कपात ढवळायची आणि त्या म्हणायच्या, "आता कसं झकास!"

परवाच्या रविवारी टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता. नायिका रडत होती. घंटा वाजली, दार उघडलं आणि कोवळ्या वयाच्या हेझलमावशी आत आल्या. डॉक्टर आलेत म्हणाल्या, हात जुळवून उभ्या राहिल्या. आई उठली. जेवणाच्या टेबलाची ती खुर्ची तिनं सरकवत आणली आणि टीव्हीसमोर मांडली. "बसा हो, विहीणबाई," म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. सिनेमा पुढे गेला. नलिनी चहा घेऊन आली, सवयीनं एक कप जास्त. तो खुर्चीच्या हातावर थोडा वेळ तसाच राहिला. निवायला लागला तेव्हा मीच उचलला.

चहात साखर कमी होती.