येळवसला भाकरी विकणारी यल्लम्मा

यल्लम्मा अक्काला मी पहिल्यांदा पाहिलं ते भालकीच्या आडत बाजारात. मी तिथं आयुष्यभर हमाली केली. ओझ्याखालचं माणूस मला लगेच कळतं. ही बाई डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन चालली होती आणि तिची मान हलत नव्हती.

तिची उमर ऊसतोडीत गेली. नवरा वारल्यावर तिनं कोयता खाली ठेवला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडात कडक भाकरी करायला घेतली. ही भाकरी पापडासारखी पातळ थापतात आणि तव्यावरच फडक्यानं दाबून वाळवतात. महिनाभर टिकते. हाताखाली भुवनेश्वरी आणि आणखी दोघी होत्या. भाकरीची कड जाड राहिली की अक्का ती बाजूला टाकायची.

"ही तुज्या नवऱ्याला घाल. तो काय बी खातो."

भाकरी चोख होती, पण गिऱ्हाईक गल्लीपुरतं. अशात ऊसतोडीचा मुकादम अमरेश दारात आला. त्याच्या टोळीत माणसं कमी पडली होती. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकट्या नवऱ्याला कुणी नेत नाही. या तिघी निघाल्या की शेड बंद.

"अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो आणतो," तो म्हणाला. "व्हय का न्हाई, तवा सांगा."

तिघींची भिस्त आता व्यापारी संघाच्या मेळाव्यावर होती. यंदा दुकानदारांनी गावातल्या कारागिरांना शेजारी जागा द्यायची आणि लोकांनी दोघांनाही भेटायचं, असं संघानं ठरवलं होतं. अक्कालाही एक टेबल मिळालं होतं.

अमावस्येला आडत बंद, म्हणून संघाचे सगळे कार्यक्रम अमावस्येला. तशीच याही वेळी तारीख पडली. ही अमावस्या कुठली, ते कुणी पाहिलंच नाही. ती निघाली येळवस. त्या दिवशी आमच्याकडे गाव रिकामं होतं. सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या झोपडीत, पूजा करतात, पालेभाज्या-शेंगांची पातळ भज्जी खातात, आंबील पितात.

संघाचे अध्यक्ष शिवकुमार अण्णा. त्यांचं पाइपांचं दुकान. येळवसला शेतात किती माणसं येणार, असं घरच्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. दोनच दिवस उरले होते. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि मेळावा पुढच्या अमावस्येवर टाकला.

"पुढच्या अमावस्येला माज्या बाया उसात असतील, अण्णा," यल्लम्मा म्हणाली.

"मग काय करू अक्का? गावात माणूस न्हाई, मेळावा कुणाला दाखवू?"

"माणूस शिवारात हाय की. तुमी हितं कामून बसायलाव?"

मागून एक किराणावाला हसला. "येळवसला घरोघरी भाकऱ्या, अन् ही भाकरी विकायला जायली."

"तू गाडीत जागा दे," अक्का म्हणाली. "विकायचं मी बघते."

अण्णांना ते पटलं, मेळावाच शिवारात न्यायचं ठरलं. येळवसच्या सकाळी तीन टेम्पो भरले. भाकरीचा टेम्पो मी भरला. भाकरी आडवी रचली की खालची मोडते. आम्ही उभी रचली, मधे फडकी घातली, कडेनं कडबा कोंबला. एकही मोडली नाही. बियाणंवाले, पाइपवाले, दोन किराणावाले, चपला शिवणारा, असे सगळे चढले आणि आम्ही उदगीर रस्त्याला लागलो.

पहिल्याच शेतापाशी शेताचा मालक मल्लप्पा रस्त्यात आडवा. येळवसला वाटेनं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय कुणी सोडत नाही.

"उतरा. आधी जेवा, मग तुमचं दुकान."

सगळा संघ मातीत मांडी घालून बसला. अण्णांनी मल्लप्पाला कितीदा तरी पाइप विकले होते, पण त्याची विहीर कधी पाहिली नव्हती. हात धुतल्याबरोबर दोघं विहिरीवर गेले. त्याआधी पंगतीतच अक्काला रिकाम्या हातानं जेववेना. तिनं एक पुडा फोडून सगळ्यांच्या पानात भाकरी वाढली. मल्लप्पाचा भाऊ येळवससाठी पुण्याहून आला होता. त्यानं तुकडा भज्जीत बुडवला, मग दुसरा, मग तिसरा.

"अक्का, पुण्यापर्यंत टिकल का ही?"

"दिल्लीला जाऊन माघारी यील. तुमी वाटंत खाल्ली न्हाई तर."

त्यानं डझनभर पुडे उचलले. तेवढ्यात बांधापलीकडून हाका सुरू झाल्या: इकडं या, आमच्याकडं जेवला न्हाईत. आम्ही एका शेतातून दुसऱ्या शेतात जात राहिलो. कुठं पाइपची चौकशी, कुठं चपलेचं माप, आणि सगळीकडं भाकरी. हैदराबादहून, सोलापूरहून आलेली माणसं परत जाताना न्यायला पुडे मागत होती. पोट फुटायची वेळ आली, तरी आम्ही धावत होतो. दुपार कलली तेव्हा खोके रिकामे होते आणि लोक अजून मागत होते.

"उद्या कुठं मिळल?" एका बाईनं विचारलं.

अक्का गल्लीचा पत्ता सांगणार, तोच अण्णा म्हणाले, "संघातल्या सगळ्या किराणा दुकानांत. उद्यापास्नं."

"अण्णा, आमाला इचारा तरी," मघाचा किराणावाला म्हणाला.

"इचारायलोच की. आधी तोंडातलं गिळ."

त्याच्या तोंडात भाकरीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरेशचा टेम्पो शेडापाशी थांबला. तिघीही तव्यापाशी बसल्या होत्या.

"कोण कोण येणार?"

भुवनेश्वरीनं मान वर केली नाही. "हात रिकामा न्हाई, मुकादम."

अमरेश टेम्पोतून उतरून भाकरीच्या चळतीपाशी आला. वरच्या भाकरीचा तुकडा मोडून चावला. आणखी एक मोडला.

"टोळीतल्या बायास्नी पहाटं थापायला उसंत न्हाई," तो म्हणाला. "फडात टिकल का ही?"

यल्लम्मानं जाड कडेच्या बाजूला सारल्या, खोका ओढला आणि चांगल्या भाकऱ्या एकेक करून लावायला लागली.

"उभी ने," ती म्हणाली. "आडवी टाकलास अन् मोडली, तर मला सांगू नको."