मुलाचा क्लच आणि माझा डावा पाय: शिरूर-दौंडची दोन दिवसांची फेरी

मागच्या महिन्यात दिवेघाटात गाडीने मान टाकली. बंद पडली नाही. इंजिन ओरडत होतं, आरपीएमचा काटा वर चढत होता आणि गाडी मात्र ढिम्म. वर जळका वास. क्लच घसरतोय हे कळायला मला कुणाची गरज नव्हती. पुण्यातल्या एका चकाचक गॅरेजात गेले, तर काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम, सरांना फोन देता का?" आमच्याकडे सर नाहीत. मी आहे, टर्बो बसवलेली एक लाल हॅचबॅक आहे आणि पलंगाखाली एक खोका आहे.

खोक्यात सिरॅमिक क्लच. माझा मुलगा निनाद, त्याने जर्मनीला जाण्याआधी हौसेने मागवलेला. गाडीची ताकद त्यानेच वाढवून घेतली, पण हा क्लच बसवायचा राहून गेला. तेव्हापासून झाडू मारताना मी तो खोका अलगद बाजूला सरकवते आणि परत जागेवर ठेवते. म्हटलं, आता बसवूनच टाकू. गाडीचं सगळं काम केलेले सलीमभाई शिरूरला असतात. खोका डिकीत टाकला आणि निघाले.

तुम्ही जाणार असाल तर वाघोली सकाळी सातच्या आत ओलांडा. नंतर तिथे गाडी चालत नाही, रांगते. शिक्रापूर, रांजणगाव करत, अॅक्सिलरेटरला नुसतं गोंजारत शिरूर गाठलं. स्टँडजवळ मिसळ खाल्ली. चांगली होती, तर्री मात्र मागून घ्यावी लागते. समोरच्या खुर्चीवर मी पर्स ठेवते, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. ही माझी जुनी युक्ती आहे.

सलीमभाईंनी खोका उघडून प्लेट उजेडात धरली. "माल एक नंबर हाय, ताई. दादा कवा येनार?"

"दिवाळीला."

"किती दिस?"

"दोन आठवडे."

"मंग बाकीचं वरीस गाडी कोन चालवतं?"

"उभीच असते," मी म्हटलं.

धडधडीत खोटं. भाजी, बँक, दातांचा डॉक्टर, सगळीकडे मी याच गाडीने जाते. पण तसं सांगितलं असतं तर 'रोजच्या गाडीला हा नको' म्हणून खोक्याचं काम तिथेच संपलं असतं, आणि ते मला नको होतं. निनादची म्हणावी अशी गोष्ट घरात तेवढीच होती, अजून वापरायची राहिलेली. सलीमभाई माझ्या गाडीत डोकावून आले आणि स्वतःच्या जुन्या सेडानची किल्ली माझ्या हातात दिली. "हिच्यात असलाच बसवलाय. बाजारातनं एक चक्कर मारून या."

पुढचं जरा तांत्रिक आहे, पण क्लच निवडत असाल तर वाचा. सिरॅमिक क्लच उष्णता सोसतो, ताकद धरून ठेवतो, पण त्याला मधलं काही माहीत नाही. एकतर सुटलेला, नाहीतर पूर्ण पकडलेला. ट्रॅकवर सोनं, बाजारात शिक्षा. पेडल दाबायला अख्खी कंबर लागली. पहिल्या वळणावर गाडी उडी मारून बंद पडली, स्टँडसमोर परत तेच. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. त्याचा ड्रायव्हर वाकून म्हणाला, "मावशी, घोडं हाय का गाडी?" हसू आलं आणि त्याच वेळी डावा पाय थरथरायला लागला. परत येईपर्यंत थांबला नाही.

गॅरेजात स्टुलावर बसले. सलीमभाईंनी पाणी दिलं.

"सलीमभाई, गाडी उभी नसते. रोज मी चालवते. मी एकटीच."

"ठाव हाय मला. किलोमीटर बघितलं ना म्या," ते म्हणाले. "मंग तुमच्या पायाचा बसवू."

तुमच्याही गाडीची ताकद बेताने वाढवली असेल आणि ती रोजची असेल तर हेच घ्या: हळुवार पकडणारी ऑरगॅनिक प्लेट आणि तिला दाबून धरणारी, कंपनीच्यापेक्षा थोडी कडक प्रेशर प्लेट. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंगही बदला, फ्लायव्हील घासून घ्या. मजुरीसकट मला वीस-बावीस हजार लागले. मुक्कामाला स्टँडमागचं लॉज धरलं. मॅनेजरने विचारलं, "किती जण?" एक. खोली डबलचीच शिल्लक होती. दुसऱ्या गादीवर खोका ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी तयार. "पाचशे किलोमीटर दाबायची न्हाई," सलीमभाई म्हणाले, "हायवेला लगीच लागू नका. गावागावातनं जावा, गिअर टाकत, क्लच बसंल नीट. आन् जमलं तर आमच्या खालाला दौंडला सोडा. तिची लेक रेल्वे कॉलनीत हाय." खाला म्हणजे त्यांची मावशी. पिशवी मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली. त्या सीटवर कोणी बसून किती दिवस झाले होते, मला आठवेना.

न्हावऱ्यावरून इनामगाव, पुढे आतल्या रस्त्यांनी दौंड. रस्ता बरा आहे, खड्डे सांगून येतात. इनामगावाशी खाला म्हणाली, "हितं लई जुन्या लोकांची घरं घावली व्हती म्हनं. आता बघाया काय न्हाई, समदं बुजवलं." मग विचारलं, "पोरं किती तुला?"

"एक. जर्मनीत असतो."

"माझी हितं दौंडात हाय, तरी वर्सातनं दोनदा भेट."

थोड्या वेळाने बघते तर तिची मान खिडकीला टेकलेली. ट्रॅक्टरमागे थांबले, गतिरोधक गेले, मी दुसऱ्या-तिसऱ्यात खालीवर करत राहिले, पण ती जागी झाली नाही. दौंडात रेल्वेची शिट्टी ऐकून डोळे उघडले. "आलं व्हय? मला तर डोळाच लागला." या क्लचला यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र नको.

तिची लेक दारातच होती. "आत या, चहा टाकते," म्हणाली. मी म्हटलं, उशीर होईल, पुणं लांब आहे. मला कसलाही उशीर होत नव्हता. घरी माझी वाट बघणारं कोण आहे? पाटसपर्यंत मी त्या चहाचाच विचार करत होते. तिथे टपरीवर घेतला, पण तो काही तो चहा नव्हता.

घरी पोचल्यावर निनादला फोन लावला. जरा धाकधूकच होती. म्हटलं, "क्लच बदलला रे. पण माझ्या पायाचा घेतला. तुझा खोका तसाच परत आणलाय."

"कुठला खोका?"

सांगणार होते. मग म्हटलं, "काही नाही. जेवलास का?"

गाडी आता लोण्यासारखी उचलते आणि माझा पाय दुखत नाही. खोका पलंगाखाली गेलेला नाही, दाराशीच आहे. ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्या कुणाला हवा असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा. पैशांचं बघू, पण कुरिअर करणार नाही. स्वतः या, चहाला बसायच्या तयारीने.