मागच्या चाकावरचा अर्धा इंच

पप्पा गुरुवारी गेले. रविवारी त्यांना गाडीचा पत्रा अजून अर्धा इंच कापायचा होता.

आज वर्ष झालं. लोक विचारतात, त्यांचं काय आठवतं?
मला टायर आठवतात. आता काय करू!

रिटायर झाल्यावर पप्पांनी एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली. मोशीच्या आमच्या घरासमोर उभी केली आणि आईला म्हणाले, "आता तुला म्हायेरी नेतो."

आईचं माहेर खेडच्या पश्चिमेला, डोंगरात. एसटी खालच्या फाट्यावर सोडते. तिथून वर नुसते दगड आणि खोल चाकोऱ्या.
आईचे गुडघे गेले तशी ती सहा वर्षं तिकडे गेलीच नव्हती. मामाचा फोन आला की "येते की रे" म्हणायची आणि फोन ठेवून भाजी निवडत बसायची.

पप्पा आणि मी आधी जीप घेऊन रस्ता बघून आलो. अर्ध्या वाटेत गाडीचं पोट दगडाला टेकलं.
म्हणजे मोठे टायर हवेत. अठ्ठावीसच्या जागी एकतीस इंची.
आणले. तर ते बसेनात. मडगार्डला लागत होते.

तिथून आमच्या घरात तीन महिने एकच विषय. जेवताना पण.

गॅरेजवाला म्हणाला, "काका, लिफ्ट किट टाका. स्प्रिंग बदलायची, गाडी तीन इंच वर. विषय संपला."

मी यूट्यूब बघून शहाणी झालेली. म्हटलं, स्पेसरच्या चकत्या लावून चाकं बाहेर काढू.
"आन बेरिंग गेल्यावर तुझा बाप बदलणार का?"
"हो, बापच बदलणार."
यावर मात्र पप्पा हसले.

"मग मडगार्डच कापा ना. स्वस्त आणि मस्त."
पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू घर विकायला काढलंय.

त्यांचंही बरोबर होतं. चाकणच्या कंपनीत सत्तावीस वर्षं बॉडी शॉपला क्वालिटीत होते. काम काय, तर नव्या गाडीच्या पत्र्यावरून तळहात फिरवायचा आणि डोळ्याला न दिसणारा पोचा शोधायचा. असा माणूस धडधाकट पत्र्याला ग्राइंडर लावणार?
"चांगला पत्रा कापू न्हाई पोरी. परत जोडला तरी पैल्यासारखा व्हत न्हाई."

शेवटी लिफ्टच ठरलं.
पण पप्पांचा नियम होता, आधी ट्रायल, मग फायनल. चारी चाकांखाली फळ्या रचल्या. लिफ्टचे तीन आणि टायरचा दीड, साडेचार इंच टेपने मोजून. मग स्वयंपाकघराकडे हाक मारली, "अगं, जरा भाईर ये. बसून बघ."

आई पदराला हात पुसत आली. एक पाय वर टाकला. दुसरा काही उचलेना. दरवाजाला धरून तशीच उभी राहिली.
मग पाय खाली घेतला आणि हसून म्हणाली, "तुमी दोघं जाऊन या. मी हितंच बरी हाय."

पप्पांनी फळ्या काढल्या. आत गेले आणि मास्किंग टेप घेऊन आले.

चारी मडगार्डं कापली. टेप लावून, मार्करने रेघ मारून, एकेक. प्रत्येक वेळी कापून झालं की जरा वेळ तोंड फिरवून उभे राहायचे. डोळ्यांवर चष्मा होता, म्हणजे कचरा गेलेला नव्हता.
दाराखाली लोखंडी पायरी बसवली. आई तिच्यावर पाय ठेवून चढली. एकटी, कुणाचा हात न धरता.
पप्पांनी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं. टायर आणि पत्र्यामध्ये बोटं फिरवली. "ओके," म्हणाले.

पुढच्या रविवारी निघालो. पुढे ते दोघं, मागे मी आणि मामासाठी गव्हाची दोन पोती. चाकणच्या अलीकडे पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला. खर्रर्र.

पप्पा उतरले, वाकून बघितलं आणि भर रस्त्याच्या कडेला हसत सुटले.
"सत्तावीस वर्षं रिकाम्या गाड्या पास केल्या गं! गाडीत मानसं बसत्यात, ह्येच इसरलो!"

ट्रायल रिकाम्या गाडीवर घेतली होती. वजनाने गाडी मागून खाली बसली आणि टायर पत्र्याला घासायला लागला.
आई म्हणाली, "चला की तसंच, हळूहळू." पप्पा ऐकेनात. चढावर टायर फाटला तर काय करायचं? परत फिरलो.
घरी येऊन त्यांनी मागच्या दोन्ही मडगार्डांवर अर्ध्या इंचाची नवी रेघ मारून ठेवली. "येत्या रविवारी."

गुरुवारी सकाळी चहा घेताना छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

महिनाभर जीप तशीच उभी होती. एकजण विकत मागायला आला, त्याच्यावर मी उगाचच ओरडले.

मग एका शनिवारी ग्राइंडर बाहेर काढला. तळवड्याच्या ऑफिसात कीबोर्ड बडवणारे हात माझे. रेघ सरळ आणि कापलंय वाकडं. पप्पांनी डोळे झाकून रिजेक्ट केलं असतं. पायरीवर बसून पोटभर रडले आणि मग उठून दुसरी बाजू कापली.
या वेळी ट्रायल भरल्या गाडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघाले. फाटा सोडला. दोघींचे कान मागच्या चाकांकडे. दगड गेले, चाकोऱ्या गेल्या, एक ओढा गेला.

मामाच्या अंगणात गाडी थांबली. मामा पळत आला. आई उतरली, पण त्याच्याकडे न जाता आधी मागे गेली. वाकून दोन्ही चाकं बघितली. तिचा चेहरा एवढा फुललेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.
मला म्हणाली, "ह्यांना फोन लाव. म्हनावं, कुठंच न्हाई घासला."

फोन माझ्या हातातच होता.

मग तिचं तिलाच आठवलं.

पप्पा, आईचा निरोप आज पोचवतेय. कुठंच नाही घासला.

तुम्हाला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.