सासूबाईंच्या तोंडून विचारलेला प्रश्न

आमची वस्ती गावाबाहेर, उसाच्या रानापलीकडं. नळ गावात होता, वस्तीवर नव्हता. सासूबाई आणि मी दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी वाहायचो. वाहून वाहून त्यांची कंबर वाकली.

चाळिशीत मी इस्लामपुरात रविवारच्या वर्गात बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिसऱ्या वर्षाला ग्रामसभेचा धडा झाल्यावर शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "उत्तरं पाठ करू नका. आपल्या गावच्या सभेत एक प्रश्न विचारून या."

सभा मारुतीच्या देवळात भरायची. सरपंच माझे चुलत सासरे, आणि सासऱ्यांपुढं सुनेनं बोलायचं नाही ही आमची रीत. म्हणून मी सासूबाईंना बरोबर नेलं. मी त्यांच्या कानात सांगायचं, त्यांनी मोठ्यानं विचारायचं, असं ठरलं.

"भावजी, वस्तीला नळ कवा?"

"वैनी, निधी न्हाई."

मी पुढचं कानात सांगितलं. त्या अडखळल्या. "पाण्याचा निधी... आगं, काय म्हणलीस?" सभा हसली. सासूबाईंना राग आला. "शिकतीयास तू, आन् घसा माझा बसतोय व्हय? ऊठ, तूच बोल!"

पदर सावरून मी उभी राहिले. "मामा, पाण्यासाठी आलेला निधी कुठं खर्च झाला ते सांगा. आणि वस्तीच्या नळाचा ठराव आजच घ्या."

आता कुणी हसलं नाही. मागून वस्तीतल्या बायका एकेक करून उभ्या राहिल्या. ठराव झाला.

दुसऱ्या उन्हाळ्यात वस्तीवर नळ आला. त्याच साली मी बी.ए. झाले.