हजेरीमामांचा सतरा नंबर

माणसं मोजल्याशिवाय आमच्या मामांच्या गळ्याखाली घास उतरत नसे. माझ्या लग्नात मुहूर्ताला दहा मिनिटं उरली असताना त्यांनी भर मांडवात हात वर करून जाहीर केलं, "एक माणूस कमी आहे!" तो माणूस मी होतो. वरच्या खोलीत जरा पाठ टेकली आणि डोळा लागला. मामांनी मोजलं म्हणून आपलं लग्न लागलं, असं बायको अजून म्हणते. तिच्या स्वरात आभार नसतात.

मामा सावनेरकडच्या कोळसा खाणीत हजेरीबाबू होते. खाणीत उतरणाऱ्याला नंबराचा बिल्ला मिळायचा आणि पाळी संपली की तो परत खुंटीवर यायचा. बिल्ला आला नाही, तर माणूस खाली राहिला. शेकडो नंबर मामांना चेहऱ्यासकट पाठ होते. "रजिस्टरले काय समजते गा? खाली गेलेला वर आला का, हे मले ठाऊक पाहिजे."

मामी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर मामा नागपूरला आमच्याकडे आले आणि त्यांनी आमच्या घराची खाण केली. पहिले सोळा नंबर त्यांच्या पिढीचे, त्यातले बहुतेक आता फोटोत. मी सतरा, बायको अठरा, मुलगी एकोणीस. रात्रीच्या जेवणाआधी हजेरी. मी बाथरूममधून "हजर" ओरडलो की म्हणायचे, "आवाज आला, माणूस नाही आला. गैरहजर."

पहाटे उठून ते पायी लकडगंजला जायचे. तिथे लाकडं कापायच्या एका आरा मशीनजवळच्या टपरीवर त्यांचे चार जुने दोस्त जमत. डॉक्टरांनी पोह्यांवरची तिखट तर्री बंद केली होती, म्हणून शेजाऱ्याच्या प्लेटीतल्या तर्रीकडे पाहत कोरडे पोहे खायचे. बीपीची गोळी कधी चुकली नाही. चौघांची अख्खी खबरबात घेऊन घरी यायचे आणि जेवताना ती आम्हाला नावागावासकट ऐकवायचे. पंचाहत्तरी उलटल्यावरही डॉक्टर त्यांच्याकडे बोट दाखवून मला म्हणत, "यांच्याकडून शिका जरा." मी पोट आत ओढून हो म्हणायचो. दवाखान्याबाहेर पडलो की सोडून द्यायचो.

मग मामांचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी दाराची बेल गेली, मग मुलीचा बारीक आवाज गेला. "काय म्हणाली?" ते विचारायचे. एकदा सांगायचो, दोनदा सांगायचो, तिसऱ्यांदा म्हणायचो, "काही नाही मामा, राहू द्या." घरात गप्पिष्ट म्हणून माझं नाव. पाहुण्यांना एकच गोष्ट सात वेळा सांगणारा मी, मामांना तिसऱ्यांदा सांगताना थकायचो.

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावायला सांगितलं, आणि लवकर. म्हणाल्या, "ऐकू येत नसलं की माणूस माणसांत बसायचं सोडतो. एकटा पडला की डोकंही मंदावतं. स्मरणशक्ती सांभाळायची तर कान आधी सांभाळा."

"यंत्र लावून म्हातारा दिसू काय मी?" मामा म्हणाले. मी खूप हसलो आणि बघू म्हणालो. खरं सांगायचं तर न ऐकणारा म्हातारा घरात सोयीचा असतो. त्यांच्यासमोर काहीही बोलता येतं.

पुढच्या हिवाळ्यात मागून आलेल्या गाडीचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. कोपर खरचटलं, एवढंच. पण मी घाबरलो आणि त्यांचे बूट माळ्यावर टाकले. फिरणं बंद. दोस्त दोनदा घरी आले, ओरडून ओरडून बोलले, तिसऱ्यांदा आले नाहीत. मामा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडू लागले. आम्ही म्हणायचो, आराम करून राहिले, बरं आहे.

एक दिवस हजेरीत एकोणीस नंबर आलाच नाही. मुलगी समोर ताट घेऊन बसली होती. आम्ही हसलो. पुढच्या महिन्यात अठरा गळला. मग मात्र मी धावत जाऊन यंत्र आणलं. मामांनी ते तासभर लावलं, कुकरच्या शिट्टीला दचकले आणि काढून रुमालात गुंडाळून ठेवलं. "हा कशाचा आवाज गा? कुठून येऊन राहिला?" वेळेवर लावलं असतं तर टळलं असतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "ते नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "उशीर झाला, एवढंच सांगता येतं."

मामांना जाऊन आता दीड वर्ष झालं. मध्यंतरी टीव्हीच्या आवाजावरून बायको कुरकुरली, तेव्हा मी मुकाट्याने जाऊन कान तपासून आलो. डाव्या कानात यंत्र आहे. त्याने मी म्हातारा दिसतो. सकाळी लकडगंजपर्यंत पायी जातो आणि मामांच्या दोस्तांपैकी उरलेल्या दोघांशी बोलतो. घरी मुलगी "काही नाही बाबा" म्हणाली, तर तिला ते काही नाही काय होतं, ते सांगायला लावतो.

शेवटच्या महिन्यात मामांचे बाकी सगळे नंबर गेले होते, माझा तेवढा राहिला होता. संध्याकाळ झाली की ते ताटावरून उठायचे. "सूनबाई, सतरा नाही आला वं. खाली राहिला." आणि फाटकाशी जाऊन उभे राहायचे. मी त्यांचा हात धरून शेजारी उभा.

एकदा ते माझ्याकडे वळले. अनोळखी माणसाशी बोलावं तसं, फार अदबीनं म्हणाले, "भाऊ, तुम्ही खाली चालले काय? सतरा नंबर दिसला तर वर पाठवा. सांगा, मामा थांबून राहिले."

"पाठवतो," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.